वाहिनीवर्धक घटक आणि धमनीप्रतिचय : रोपण कोठे हितकर, कोठे अहितकर?

मधुमेहाचा दहा-पंधरा वर्षांचा जुना रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पारनेर तालुक्यात तो बहुधा कोरडवाहू शेतकरी असतो, किंवा उमेदीची वर्षे मुंबईत काढून गावी परतलेला कामगार. शेतात काटा रुतून वा चपलेने घासून पायाला झालेला व्रण दीड-दोन महिने भरत नाही, म्हणून तो वैद्याकडे येतो. चौकशी करता कळते, की गेल्या वर्षी छातीत दुखू लागल्याने त्याला नगरला नेले होते व हृदयधमनीत स्टेंट बसविला आहे. आणखी विचारले, तर डोळ्याच्या पडद्याला सूज आल्यामुळे पुण्यास जाऊन डोळ्यात इंजेक्शने घेतल्याचेही तो सांगतो. तीन अवयव, तीन चिकित्सक, तीन निरनिराळ्या चिठ्ठ्या. आणि चौथी चिठ्ठी लिहून घेण्यासाठी तो आपल्यासमोर बसलेला असतो.

या तिन्ही विकृतींच्या मुळाशी एक समान गोष्ट आहे, ती म्हणजे नवीन सूक्ष्म रक्तवाहिन्या निर्माण करणारे वृद्धिघटक. पायाच्या व्रणात ते उणे पडतात, डोळ्याच्या पडद्यात अतिरिक्त होतात, आणि हृदयधमनीच्या भित्तीत ते नेमके काय करतात याविषयी संशोधकांत गेली कित्येक वर्षे वाद चालू आहे. या वादाची माहिती करून घेणे हा आपल्या दृष्टीने केवळ बुद्धिविलास नव्हे. व्रणाला रोपण द्यावे, धमनीला लेखन द्यावे, आणि दोन्ही एकाच देहात एकाच वेळी द्यावे, असा प्रसंग आपल्यावर नित्य येतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाचा थोडा विस्ताराने परामर्श घेत आहोत.

घटकाची ओळख

बोस्टन येथील शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली असा विचार मांडला, की अर्बुद एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठे व्हावयाचे तर त्याला स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घ्याव्या लागतात. त्या रोखल्या तर अर्बुदाची उपासमार होईल. त्या काळी हा विचार अनेकांना काल्पनिक वाटला. पुढे १९८३ साली हार्वर्डच्या हॅरॉल्ड ड्वोराक व डोनाल्ड सेंगर यांना अर्बुदाच्या स्रावात एक प्रथिन आढळले. त्याच्या प्रभावाने सूक्ष्म वाहिन्यांतून द्रव पाझरू लागे. १९८९ साली कॅलिफोर्नियात नेपोलियोन फेरारा यांनी वाहिन्यांच्या अंतःस्तरातील पेशींची वृद्धी करणारे एक प्रथिन वेगळे केले, त्याला 'व्हीईजीएफ' असे संक्षिप्त नाव मिळाले. तपासाअंती दोन्ही प्रथिने एकच निघाली. ही गोष्ट चिकित्सकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे : जो घटक वाहिनी वाढवितो तोच तिला पाझरतीही करतो. नवी वाहिनी आणि स्राव हे जुळे भाऊ होत. डोळ्याच्या पडद्यावर सूज येते ती याच कारणाने.

या घटकाचे पुढे एक कुटुंबच सापडले. त्यात 'ए' हा प्रकार मुख्य. 'सी' व 'डी' हे विशेषतः लसीकावाहिन्यांशी संबंधित. आणि वारेतून प्रथम मिळाल्यामुळे 'पीएलजीएफ' असे नाव पडलेला आणखी एक. हे घटक पेशींवरील ठराविक ग्राहकांना चिकटून कार्य करतात. त्यांपैकी दुसरा ग्राहक अंतःस्तराच्या पेशींवर मुख्यत्वे असतो व वाहिनीची वाढ घडवितो. पहिला ग्राहक रक्तातील मोनोसाइट या भक्षक पेशींवरही असतो आणि त्यांना घटकाच्या दिशेने ओढतो. धमनीच्या विकारात या पहिल्या ग्राहकाचे महत्त्व पुढे येईल.

घटक निर्माण होण्यास प्रमुख कारण प्राणवायूची उणीव. ऊतीला प्राणवायू कमी पडला, की पेशींमध्ये 'एचआयएफ' नावाचे नियामक प्रथिन टिकून राहते व ते व्हीईजीएफच्या जनुकाला जागे करते. पुरेसा प्राणवायू असेल तर हेच नियामक प्रथिन काही मिनिटांत नष्ट केले जाते. या यंत्रणेच्या शोधाबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

धमनीच्या भित्तीत काय घडते

मोठ्या धमनीच्या भित्तीलाही पोषण लागते. आतील थरास ते वाहत्या रक्तातून झिरपून मिळते. बाहेरील थरांसाठी भित्तीच्या बाहेरून शिरणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या असतात, त्यांना शारीरशास्त्रात 'वासा व्हासोरम' म्हणजे वाहिन्यांच्या वाहिन्या असे म्हणतात. प्राणवायू झिरपण्याला अंतराची मर्यादा आहे. आतल्या थराची जाडी सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली, की मधला भाग दोन्हींकडून वंचित राहतो. तेथे साचलेला मेद, तो गिळून फुगलेल्या भक्षक पेशी आणि त्यांचा धगधगता चयापचय यांमुळे प्राणवायूची मागणी वाढलेली, आणि पुरवठा मात्र घटलेला. अशा ठिकाणी एचआयएफ स्थिरावतो, व्हीईजीएफ स्रवतो आणि बाहेरच्या वाहिन्या कोंब फुटल्याप्रमाणे आत घुसू लागतात.

मेदाच्या थरात रक्तवाहिन्या असतात हे निरीक्षण एकोणिसाव्या शतकाइतके जुने आहे. परंतु त्यांचा रोगाशी कार्यकारणसंबंध असावा हा विचार हार्वर्डच्या क्लिफर्ड बार्जर यांनी १९८४ साली मानवी हृदयधमन्यांच्या अभ्यासावरून ठासून मांडला. त्यांना असे दिसले, की निरोगी हृदयधमनीच्या भित्तीत अशा वाहिन्या विरळ असतात, तर थर साचलेल्या भागात त्यांचे दाट जाळे असते.

येथे प्रश्न उभा राहतो. ही नवी वाहिनी त्या थराला पोसते, की केवळ त्याच्या वाढीची साक्ष देते? फोकमन यांच्याच प्रयोगशाळेतील कॅरेन मोल्टन व सहकाऱ्यांनी १९९९ साली याची परीक्षा घेतली. जन्मतःच मेदाचा निचरा न होणाऱ्या उंदरांना त्यांनी वाहिनीवृद्धी रोखणारी दोन द्रव्ये दिली. धमनीतील थरांची वाढ एका द्रव्याने सुमारे ८५ टक्के व दुसऱ्याने सुमारे ७० टक्के कमी झाली. रक्तातील कोलेस्टेरॉल मात्र तेवढेच राहिले. म्हणजे मेदाचे प्रमाण न बदलताही थराची वाढ रोखता येते. २००१ साली स्टॅनफर्ड येथील प्रयोगात नेमके उलट करून पाहण्यात आले. उंदरांना व सशांना व्हीईजीएफ बाहेरून दिला असता थर वाढले, त्यांतील भक्षक पेशी वाढल्या आणि नव्या वाहिन्याही वाढल्या.

मानवी पुराव्यात आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २००३ सालचा, फ्रँक कोलोडजी व भारतीय वंशाच्या विकृतिशास्त्रज्ञ रेणू विरमानी यांच्या गटाचा अभ्यास. अकस्मात मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या हृदयधमन्या तपासताना त्यांना असे आढळले, की थरातील नव्या वाहिन्या कच्च्या व गळक्या असतात, त्यांतून थराच्या आत वारंवार लहान लहान रक्तस्राव होतात. रक्तपेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल भरपूर असते. पेशी फुटली की ते कोलेस्टेरॉल व रक्तातील लोह दोन्ही थरातच राहतात. लोहामुळे दाह भडकतो, कोलेस्टेरॉलमुळे थराचा मऊ गाभा मोठा होतो. अर्थात थरातील सर्व मेद अन्नातून वा यकृतातून रक्तमार्गे झिरपून येतो असे नाही. त्याचा काही अंश रक्ताच्याच पेशींनी आत सांडलेला असतो. हाच मऊ गाभा व वरचे पातळ आवरण असलेला थर फुटतो, त्यावर गुठळी बसते आणि रुग्णाला हृदयाचा झटका येतो. झटका येणाऱ्या पुष्कळ रुग्णांत धमनी आधी फारशी अरुंदही झालेली नसते. 'मागच्या तपासणीत तर सर्व ठीक होते' असे नातेवाईक सांगतात, त्यामागे हे कारण असू शकते.

दुसरी बाजू

एवढ्यावर थांबलो तर व्हीईजीएफ हा शत्रू ठरतो, आणि तो रोखणारे प्रत्येक द्रव्य मित्र ठरते. वस्तुस्थिती अशी सरळ नाही. धमनीच्या निरोगी अंतःस्तराला तग धरून राहण्यासाठी हाच घटक अल्प प्रमाणात सतत लागतो. त्याच्या प्रेरणेने अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतो; या वायूने वाहिनी सैल राहते, बिंबाणू म्हणजे प्लेटलेट चिकटत नाहीत आणि भक्षक पेशी भित्तीत शिरत नाहीत. हे रक्षण काढून घेतले तर काय होते, याचे उत्तर प्रयोगशाळेने नव्हे, कर्करोगाच्या रुग्णालयांनी दिले.

व्हीईजीएफला बांधून निष्प्रभ करणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी संमत झाले. लवकरच दिसून आले, की अनेक रुग्णांचा रक्तदाब वाढतो. २००७ साली पाच चाचण्यांतील १,७४५ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली असता, केवळ रसायनचिकित्सा घेणाऱ्यांत धमनीतील गुठळीचे विकार १.७ टक्के, तर बेव्हासिझुमॅब जोडून घेणाऱ्यांत ३.८ टक्के आढळले. वय ६५ च्या वर असणे व पूर्वी असा विकार झालेला असणे ही धोक्याची कारणे ठरली. म्हणजे घटक वाढला तरी अपाय, आणि सर्व देहात एकदम तो नाहीसा केला तरीही अपाय.

याच्या उलट, हृदयाला रक्त कमी पडणाऱ्या रुग्णांत व्हीईजीएफ देऊन नव्या वाहिन्या उगवाव्यात, म्हणजे शस्त्रक्रियेवाचून पर्यायी मार्ग तयार होईल, अशी आशा १९९० च्या दशकात फार मोठी होती. १७८ रुग्णांवरील 'व्हिवा' या चाचणीचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. साठ दिवसांनंतर चालण्याची क्षमता औषध घेणाऱ्यांत व न घेणाऱ्यांत सारखीच निघाली. याचे एक स्पष्टीकरण असे, की सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे उगवणे वेगळे आणि आधीपासून असलेल्या बारीक जोडवाहिन्या रुंदावून कामाच्या होणे वेगळे. दुसऱ्या क्रियेला प्राणवायूच्या उणिवेपेक्षा रक्ताच्या प्रवाहाचा भित्तीवर पडणारा ताण अधिक कारणीभूत असतो. नियमित चालणाऱ्याला जो लाभ होतो त्याचा काही अंश येथे असावा. बाटलीतील घटक ते काम करू शकला नाही.

आणखी एक वृद्धिघटक येथे सांगितला पाहिजे, कारण आपल्या रुग्णाच्या स्टेंटशी त्याचा थेट संबंध आहे. बिंबाणूंतून स्रवणारा 'पीडीजीएफ' हा घटक स्नायुपेशींची वाढ करतो हे सिएटलच्या रसेल रॉस यांच्या गटाने १९७४ साली दाखविले. धमनीच्या अंतःस्तराला इजा झाली, की तेथे बिंबाणू चिकटतात, पीडीजीएफ स्रवतो, मधल्या थरातील स्नायुपेशी आत सरकून वाढू लागतात. नुसता धातूचा स्टेंट बसविल्यावर काही महिन्यांत धमनी पुन्हा बुजत असे ती याच प्रकाराने. यावर उपाय म्हणून पेशींची वाढ थांबविणारे सिरोलिमससारखे औषध लावलेले स्टेंट २००२-०३ पासून युरोप-अमेरिकेत वापरात आले. (हे सिरोलिमस ईस्टर बेटाच्या मातीतील जंतूपासून मिळालेले आहे, आणि त्याच्या शोधात सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता, हे जाता जाता सांगावेसे वाटते.) धमनी बुजण्याचे प्रमाण घटले, परंतु औषध स्नायुपेशी रोखते तसे अंतःस्तराचे रोपणही मंदावते. स्टेंटच्या तारा उघड्या राहतात तोवर त्यांवर गुठळी बसण्याचे भय असते. म्हणूनच अॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकॅग्रेलोर हे दुसरे बिंबाणूरोधक औषध कित्येक महिने, झटक्यानंतरच्या रुग्णात सामान्यतः एक वर्ष, चालू ठेवण्यास सांगतात. आणि हाच पीडीजीएफ मधुमेही पायाच्या व्रणावर लावण्याच्या मलमाच्या रूपाने १९९७ पासून अमेरिकेत संमत आहे! पायात जो रोपण करतो, तोच हृदयधमनीत मार्गरोध करतो.

संप्राप्तीच्या भाषेत

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विसाव्या अध्यायात वीस नानात्मज कफविकारांत धमनीप्रतिचय व हृदयोपलेप ही दोन नावे आलेली आहेत. प्रतिचय म्हणजे साचून जाड होणे. या शब्दावरून धमनीकाठिण्याची संपूर्ण आधुनिक कल्पना आपल्याकडे होती असे सांगण्याचा मोह अनेक व्याख्यात्यांना होतो. आम्हांस तो मान्य नाही. ग्रंथात नाव आहे, कफप्राधान्य सांगितले आहे. सूक्ष्म वाहिन्यांच्या अंकुरांचे वर्णन तेथे नाही, आणि ते आहे असे म्हटल्याने ग्रंथाचा गौरव वाढत नाही.

मात्र स्रोतोदुष्टीची चार लक्षणे, अतिप्रवृत्ती, संग, सिराग्रंथी व विमार्गगमन, ही या विकारासमोर ठेवून पाहावीत. मुख्य धमनीत संग. भित्तीत ग्रंथीसदृश थर. कच्च्या वाहिन्यांतून द्रवाची व रक्ताची अतिप्रवृत्ती. आणि जेथे वाहिनी असू नये तेथे तिचा प्रवेश, हे विमार्गगमनाच्या जवळचे. संग व अतिप्रवृत्ती एकाच थरात शेजारी शेजारी असू शकतात, ही गोष्ट आपल्या चिकित्साविचाराला फार उपयुक्त आहे. आरंभी कफ-मेदाचा संचय, पुढे दाहरूपाने पित्त-रक्ताचा अनुबंध, शेवटी वातप्रकोपाने तीव्र वेदना व मार्गरोध, अशी अवस्थानिहाय मांडणी केली तर सर्व अवस्थांना एकच गुग्गुळकल्प देण्याची सवय आपोआप तपासावी लागते. केवळ तीक्ष्ण-उष्ण लेखन दाहयुक्त, रक्तस्रावी अवस्थेत योग्य ठरेल काय, हा प्रश्न शास्त्राच्या चौकटीतूनच उभा राहतो.

आपल्या जिल्ह्याला या विचाराची परंपरा आहे. १९१७ साली नगर येथे आयुर्वेद महाविद्यालयाची स्थापना करणारे वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी आपल्या औषधिगुणधर्मशास्त्रात कल्पाचा विचार दोष, दूष्य व स्थान यांच्या अनुषंगाने करण्याची शिस्त घालून दिली. वृद्धिघटकांच्या बाबतीत आधुनिक संशोधन फिरून फिरून ज्या मुद्द्यावर येते तो हाच : द्रव्य एक, स्थान वेगळे, परिणाम वेगळा.

आणखी एक बाब मेदाविषयी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या 'कृश पण मेदस्वी' देहाकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ साली त्यांनी व ब्रिटनमधील जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. बाजरीची भाकरी खाणारा, उन्हात राबणारा, काटक दिसणारा शेतकरी मेदोदुष्टीपासून मुक्त आहे, असे केवळ दर्शनपरीक्षेवरून ठरवू नये. पोटाचा घेर मोजावा. फीत स्वस्त असते.

द्रव्यांचा विचार

हळदीचे उदाहरण फार बोलके आहे. १९९८ या एकाच वर्षी दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एकात हळदीतील कर्क्युमिनने प्राण्यांच्या त्वचेवरील व्रण लवकर भरतात व त्यांत नव्या वाहिन्या अधिक येतात असे दिसले. दुसऱ्यात कर्क्युमिनने उंदराच्या डोळ्यातील कृत्रिमरीत्या प्रेरित केलेली वाहिनीवृद्धी रोखली. (त्याच्याच आदल्या वर्षी, १९९७ मध्ये, हळदीच्या व्रणरोपण गुणावरील अमेरिकी पेटंट भारताच्या सीएसआयआरने आव्हान देऊन रद्द करविले होते.) दोन्ही निरीक्षणे खोटी असण्याचे कारण नाही. मात्रा, मार्ग, स्थान आणि व्याधीची अवस्था यांवर परिणाम ठरत असावा. म्हणून 'हळद वाहिनीवृद्धी रोखते, सबब हृदयरोगात द्यावी' हे अनुमान जितके घाईचे, तितकेच 'हळद रोपण करते, सबब थरही भरून काढील' हेही.

गुग्गुळाविषयी आपण अधिक जाणतो. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली सुश्रुतोक्त मेदोविचाराच्या आधारे सशांवर केलेले कार्य सुप्रसिद्ध आहे. त्यातूनच पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत गुग्गुलिपिड तयार झाले. भारतीय अभ्यासांत कोलेस्टेरॉल घटल्याचे दिसले. परंतु २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे झालेल्या नियंत्रित चाचणीत घातक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढले, व काहींच्या त्वचेवर पुरळ उठले. आमचे मत असे, की ही चाचणी गुग्गुळाला निकालात काढत नाही. ती अर्काची होती, अवस्था व प्रकृती न पाहता केलेली होती. पण ती दडविणेही योग्य नाही. गुग्गुलस्टेरोन व्हीईजीएफचे कार्य रोखते असे अर्बुदपेशींवरील प्रयोगांत आढळले आहे. त्यावरून रुग्णाच्या धमनीविषयी आज काहीही सांगता येत नाही. अर्जुनाविषयी हृदयाच्या बलासंबंधी व हृच्छूलासंबंधी लहान चाचण्या अनुकूल आहेत. त्याने स्टेंटवरील औषधे बंद करता येतात असे कोणत्याही चाचणीने दाखविलेले नाही.

व्यवहारात

पायाच्या व्रणाचा रुग्ण आला, की रोपण तैल वा घृत निवडण्याच्या आधी पावलाच्या पृष्ठभागावरील व घोट्यामागील धमनीचे स्पंदन पाहावे. स्पंदन लागत नसेल, पाऊल थंड असेल, विश्रांतीतही वेदना असेल, तर तो धमनीरोधाचा व्रण होय. वरून रक्तच पोहोचत नसेल तर कोणताही वृद्धिघटक, देशी वा विदेशी, तेथे काही उगवू शकत नाही. असा रुग्ण रक्तवाहिनीतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावा. बोट वाचते ते बहुधा वेळेत पाठविल्याने. स्पंदन उत्तम आहे, पण संवेदना गेली आहे, अशा व्रणात मात्र शोधन, रोपण, पावलावरील भार काढणे व साखरेचे नियमन यांनी आपण पुष्कळ काही साधू शकतो.

स्टेंटविषयी. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली; धातूच्या साध्या स्टेंटला ७,२६० रुपये व औषधयुक्त स्टेंटला २९,६०० रुपये. शासनाच्या जीवनदायी, व तिचेच पुढील रूप असलेल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतूनही अनेकांना या उपचाराचा लाभ झाला. परिणामी खेड्यापाड्यांतून स्टेंट बसविलेले रुग्ण आज सर्रास दिसतात. शस्त्रक्रिया विनामूल्य झाली, पण दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च व चकरा चुकत नाहीत. पावसाने ओढ दिली की सर्वप्रथम गोळ्या सुटतात, आणि रुग्ण वैद्याला विचारतो, 'तुमचे औषध चालू केले तर त्या बंद करू का?' याचे उत्तर एकच : नाही. बिंबाणूरोधक औषध बसविणाऱ्या तज्ज्ञाच्या सांगण्याखेरीज एक दिवसही थांबवू नये. दात काढण्यासाठीही नाही, रक्तमोक्षणासाठीही नाही. जलौकावचरणाचा बेत असेल तर या रुग्णात तो करू नये, कारण दंशस्थानी रक्त थांबणे कठीण जाते. रसोन, गुग्गुळ व हळदीचे तीव्र अर्क यांनी रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. स्वयंपाकातील प्रमाणाला भय नाही, अर्काच्या कॅप्सूलला आहे. काळसर मल, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग यांची विचारणा प्रत्येक भेटीत करावी. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे रक्तातील प्रमाण घटते हे १९९४ साली दाखविले गेले आहे. हृच्छूलासाठी ती घेणाऱ्यात गुग्गुळकल्प टाळणे श्रेयस्कर.

डोळ्यातील इंजेक्शनविषयी रुग्ण व नातेवाईक घाबरलेले असतात. नेत्रतज्ज्ञ बेव्हासिझुमॅब वापरतात तेव्हा डोळ्यातील मात्रा १.२५ मिलिग्रॅम असते. कर्करोगात साठ किलो वजनाच्या रुग्णाला शिरेतून एका वेळी ३०० मिलिग्रॅम वा अधिक दिले जाते. अंतर २४० पटींचे आहे. तरीही ज्याला नुकताच हृदयाचा झटका वा पक्षाघात येऊन गेला आहे, त्याने ती गोष्ट नेत्रतज्ज्ञाला न चुकता सांगावी, आणि ती सांगितली आहे काय हे आपण विचारावे. कर्करोगासाठी बेव्हासिझुमॅब किंवा त्याच मार्गावर कार्य करणाऱ्या सुनिटिनिब, पॅझोपॅनिब, लेनव्हॅटिनिब यांसारख्या गोळ्या घेणारा रुग्ण मुखपाक, अरुची वा दौर्बल्यासाठी आपल्याकडे येतो, तेव्हा नाडीपरीक्षेबरोबर रक्तदाब मोजलाच पाहिजे. अशा रुग्णाला मुखपाकासाठी यष्टीमधु पोटातून दीर्घकाळ देऊ नये. त्याने क्षार व पाणी देहात धरून राहते, पोटॅशियम घटते व आधीच चढू पाहणारा रक्तदाब आणखी चढतो. लवणभास्करासारखे सैंधवयुक्त चूर्ण अरुचीवर सहज दिले जाते, त्यातील मिठाचाही हिशोब धरावा. नव्या वाहिन्या रोखणारी ही औषधे व्रण भरणेही मंदावतात. क्षारसूत्रासारखे कर्म त्यांच्या तज्ज्ञाला विचारल्याखेरीज करू नये.

औषधालयांच्या चालकांसाठी दोन गोष्टी. 'ब्लॉकेज उघडणारा काढा' या नावाने तयार मिश्रणे विक्रीस येतात व त्यांच्या जाहिराती वृत्तपत्रांतून आणि आता भ्रमणध्वनीवरून फिरतात. औषधे व चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या परिशिष्टात धमनीकाठिण्य, हृदयरोग, रक्तदाब व मधुमेह यांची नावे आहेत; या विकारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात करणे हा गुन्हा आहे, आणि दुकानाच्या दर्शनी भागी लावलेला फलकही जाहिरातच ठरतो. दुसरी गोष्ट गल्ल्यावरची. काढा मागणाऱ्या ग्राहकाला छातीत दुखते काय, स्टेंट आहे काय, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर होय आले, तर बाटली देण्याआधी त्याला चिकित्सकाची चिठ्ठी आणावयास सांगावे. आणि छातीत दुखणे आजचेच असेल, घाम व श्वास लागणे त्यासोबत असेल, तर चिठ्ठीचीही वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.